सही या गलत, वजह लिखो

गेल्या वर्षी नववीच्या घटक चाचणीत आम्ही सातवा प्रश्न असा घातला होता : ‘खून की कमी वाले हर मरीज को लोहे की गोली देनी चाहिए. सही या गलत? वजह लिखो.’ वर्गात एकतीस मुलंमुली. एकतीसच्या एकतीस जणांनी लिहिलं, सही. वजह म्हणून कुणी लिहिलं, लोहे से खून बनता है. कुणी हिमोग्लोबिनची व्याख्या पुस्तकातल्या स्वल्पविरामांसकट उतरवली. एका हुशार मुलीनं तर पालक, खजूर, गूळ आणि कलेजी अशी यादीही जोडली होती.

आम्ही लाल पेन घेऊन काट मारायला बसलो आणि दोन-तीन पेपरांनंतर हात थांबला. २०१८ साली आमचंही उत्तर हेच होतं. मुलांनी ते कागदावर लिहिलं. आम्ही ते चमच्यात ओतून सात महिन्यांच्या एका लेकराच्या तोंडात घातलं होतं.

पुढं जायच्या आधी ‘आम्ही’चा खुलासा करून टाकतो. घरात आणि शाळेत उर्दू, त्यामुळं जिभेवर ‘हम’. मराठीत लिहायला बसलो तरी ‘मी’ हा शब्द लवकर हातून सुटत नाही, उद्धटपणा केल्यासारखं वाटतं. तेव्हा हा आम्ही म्हणजे ढोकीची एक उर्दू माध्यमाची आपा, बी.एड. झालेली, विज्ञान आणि गणित शिकवणारी, दोन लेकरांची आई. एवढीच.

ढोकी गाव बाहेरच्यांना तेरणा साखर कारखान्यामुळं माहीत. जवळच तेर. तेरचे गोरोबाकाका आपल्याकडं मुसलमानांच्या घरांतही ठाऊक असतात, निदान गोष्टीपुरते तरी. संतांची मंडळी जमलेली, गोरोबाकाकांनी हातात थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून मडकं भाजलंय की कच्चं ते सांगू लागले. नामदेव चिडले, तर म्हणाले, हे मडकं कच्चं. आमच्या पंचक्रोशीतली ही सगळ्यात जुनी चाचणी परीक्षा म्हणायची. लेखी नाही, पाठांतराला वाव नाही, एक थाप आणि निकाल.

बी.एड.ला आम्ही चाचणी तयार करायचं शास्त्र शिकलो. संविधान तक्ता आखायचा, त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने पाडायचे आणि प्रत्येकाला गुण वाटून द्यायचे. आमचा सराव पाठ ‘रक्त’ याच घटकावर होता. लाल पुठ्ठ्याच्या चकत्या कापून रक्तपेशी केल्या होत्या. निरीक्षकांनी शेरा दिला होता, ‘विषयज्ञान उत्तम’. ती वही अजून आहे घरात. संविधान तक्त्यात उपयोजनाच्या रकान्यात आम्ही अवघे दोन गुण ठेवले होते, बाकी सगळे ज्ञानाला.

आता मुन्नाची गोष्ट.

आमच्या धाकट्या बहिणीचा निकाह फुफूच्या मुलाशी झाला. म्हणजे आमच्या सख्ख्या आतेभावाशी. घर गावातलंच, माणसं ओळखीची, लेक डोळ्यांसमोर राहणार, देण्याघेण्याची कटकट नाही. अशा रिश्त्याचे फायदे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही, ते खरेच असतात. वर्षभरात मुलगा झाला. जन्मला तेव्हा चांगला गुलाबी, वजनानं भरलेला. सहाव्या-सातव्या महिन्यात त्याचा रंग उतरायला लागला. दूध ओढताना दमायचा, मध्येच सोडून द्यायचा. फुफू म्हणाल्या नजर लागली. अम्मी म्हणाल्या दात निघताना असंच होतं. आणि बहिणीनं आमच्याकडं पाहून विचारलं, “बाजी, तुम तो साइंस पढाते. क्या हुआ इसकू?”

आम्ही त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी. नखं पांढरी. पुस्तकात रक्तक्षयाची लक्षणं जशी लिहिलेली असतात तशीच हुबेहूब. इतकं स्पष्ट उत्तर आल्यावर कुणालाही आनंद होतो, तसा आम्हालाही क्षणभर झाला, हे लपवत नाही. लोहाचं सिरप आणलं. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच थेंब, मग चमचा. दोन महिने. मुन्नाचं पोट डाव्या बाजूला फुगू लागलं तेव्हा कुठं आम्ही त्याला सोलापूरला नेलं. हिमोग्लोबिन निघालं ४.८.

तिथल्या डॉक्टरांनी चाचण्या लिहून देताना एकच प्रश्न विचारला, “लोहाचं औषध कुणी सांगितलं होतं?” बहीण गप्प राहिली. तिनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आम्हीच म्हणालो, “आम्ही.” डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, त्या बाटलीनं फार मोठं नुकसान झालं नाही, पण दोन महिने वाया गेले.

रिपोर्टवर लिहिलं होतं, बीटा थॅलेसेमिया मेजर.

या शब्दाची व्युत्पत्ती आम्ही नंतर शोधली. शिक्षकी खोड. ‘थॅलासा’ म्हणजे ग्रीक भाषेत समुद्र. १९२५ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या डॉ. कुली यांनी हा आजार वेगळा ओळखला, तेव्हा तो भूमध्य समुद्राकाठच्या घराण्यांतून गेलेल्या मुलांत दिसला होता, म्हणून पुढं हे नाव पडलं. गंमत अशी की आमच्या शेजारच्या तेरचं नावही ग्रीक भाषेत नोंदलेलं आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात तगर म्हणून जे येतं ते हेच तेर, इथलं कापड भडोच बंदराकडं जायचं. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल लांब, तरी त्या भाषेतला एक शब्द दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या गावाला चिकटला आणि दुसरा आमच्या घराला.

पण नाव कळलं म्हणजे आजार कळला, असं नसतं. आम्हाला तो कळायला वर्ष गेलं.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात : दोन अल्फा, दोन बीटा. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाच्या जागी गॅमा नावाची साखळी असते. म्हणून मुन्ना जन्मला तेव्हा गुलाबी होता. नजर लागायची होती ती नंतर लागली, असं जे फुफूंना दिसलं त्याचं कारण हे. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं काम आटोपत जातं आणि बीटानं ते हाती घ्यायचं असतं. मुन्नाला आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून बीटाची सदोष चिठ्ठी आलेली. बीटा बनेच ना. मग अल्फा साखळ्यांना जोडीदार मिळत नाही. त्या पेशीतच साठतात, त्यांचे गोळे होतात आणि ते पेशीला आतून फोडतात. तेही रक्तात उतरायच्या आधीच, हाडांच्या मगजात. गोरोबाकाकांच्या भाषेत, मडकी आव्यातच फुटतात.

शरीराला एवढंच समजतं की मडकी कमी पडली. ते आणखी आवे पेटवतं. मगज पसरतो, हाडं रुंदावतात, उपचार नसेल तर कपाळ आणि गालाची हाडं पुढं येतात. तुटक्या पेशी गोळा करणारी प्लीहा फुगते, आम्हाला मुन्नाच्या डाव्या कुशीला जी गाठ लागली ती ही. आणि याच धांदलीत आतड्याला चुकीचा निरोप जातो. एरवी यकृतातून हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक निघतं, ते आतड्याला म्हणतं, बस्स, आता लोह नको. या आजारात ते संप्रेरकच दबून जातं. म्हणजे ज्या लेकराच्या अंगात लोह कमी नाही, जे गरजेपेक्षा जास्त लोह अन्नातून ओढून घेतंय, त्याला आम्ही वरून चमच्यानं लोह पाजत होतो. कारण पापणी पांढरी होती.

इलाज म्हणजे रक्त. दर तीन-चार आठवड्यांनी, जन्मभर. आमच्या घरात महिने मोजायची पद्धत बदलली. चंद्राची तारीख, इंग्रजी तारीख आणि तिसरी मुन्नाची तारीख. एकवीस दिवस झाले की तो चिडचिडा होतो, खेळता खेळता बसतो, ओठ फिके पडतात. सोलापूरहून परत येताना गाडीत उड्या मारतो. रक्त चढवल्यावर त्याच्या गालावर जो रंग येतो तो कुणा अनोळखी माणसाचा असतो, हिंदू की मुसलमान, बाई की बुवा, आम्हाला कळत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, रक्तदान शिबिरं होत नाहीत. रमजानमध्येही आपल्या वस्तीतले रक्तदाते कमी होतात. २०२० च्या टाळेबंदीत बहिणीचे मियाँ डॉक्टरांची चिठ्ठी काचेला चिकटवून टेम्पो चालवत गेले, नाक्यानाक्यावर ती चिठ्ठी वाचून दाखवत. त्या काळाबद्दल जास्त लिहवत नाही.

आता विज्ञानाच्या आपाला जे सगळ्यात उशिरा समजलं ते. मोठ्या माणसाला चढवायच्या रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. शरीरातून रोज बाहेर पडणारं लोह फार तर १ ते २ मिलिग्रॅम. जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडं दरवाजाच नाही. लघवीतून नाही, घामातून नाही. मग ते साठतं. आधी यकृतात, मग हृदयाच्या स्नायूत. तिथं साठलं की ठोके चुकतात, पंप थकतो. योग्य उपचार नसलेल्या मुलांचा जीव विशीच्या आसपास घेणारं मुख्य कारण रक्त कमी असणं हे नसून हृदयात साठलेलं लोह हे होतं. आणि ते ग्रंथींत साठतं. मेंदूखालच्या पियुषिकेत बसलं की उंची खुंटते, वयात येणं लांबतं. अवटू ग्रंथीत बसलं की थायरॉइड मंदावतं. स्वादुपिंडात बसलं की मधुमेह.

आमच्या पुस्तकात रक्त एका पाठात आहे, दिल त्याच्या शेजारी, आणि गुदूद म्हणजे ग्रंथी फार पुढं, दुसऱ्या सत्रात. आम्ही प्रत्येकावर वेगळी चाचणी घेतो, पाठ संपला की फळा पुसतो. मुन्नाच्या अंगात हे तिन्ही पाठ एकाच नळीतून, थेंब थेंब, एकत्र उतरत होते. जीव वाचवणारं रक्तच पुढं हृदयाचा आणि ग्रंथींचा आजार घेऊन येतं, हे एक वाक्य कुठल्याही वर्गात कुणी आम्हाला विचारलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून रक्ताबरोबर लोह काढायचं औषधही जन्मभर. पूर्वी यासाठी पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून छोट्या पंपानं आठ-आठ, दहा-दहा तास औषध सोडत, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. तोंडानं घ्यायचं पहिलं औषध, डेफेरिप्रोन, परवाना मिळून बाजारात सगळ्यात आधी आलं ते भारतात, १९९० च्या दशकाच्या मध्यात, मुंबईच्या सिप्ला कंपनीकडून. आपल्या मुलांसाठी ही छोटी गोष्ट नव्हती. मुन्ना आता त्याच्यानंतर आलेलं दुसरं औषध घेतो, पाण्यात विरघळणारी गोळी. चव त्याला आवडत नाही. ‘चूना पिला रे मेरेकू,’ म्हणतो. मग फेरिटिनचा आकडा बघायचा. बहिणीचं शिक्षण सातवीपर्यंत. पण मुन्नाचा फेरिटिन गेल्या तीन वर्षांत कोणत्या महिन्यात किती होता ते ती न बघता सांगते, तो १००० च्या वर गेला की का घाबरायचं तेही सांगते. गोरोबाकाकांचं थापटणं तिच्या डोक्यावर मारलं तर पक्कं भाजलेल्या मडक्याचा आवाज येईल. आमच्या डोक्याची खात्री देता येत नाही.

त्याच वर्षी डॉक्टरांनी सगळ्या घराला तपासून घ्यायला सांगितलं. आमचं हिमोग्लोबिन १०.६. लहानपणापासून असंच. अम्मीनं आम्हाला खजूर, गूळ-शेंगदाणे, बीट खाऊ घालून घालून दमल्या, लग्नानंतर दोन्ही बाळंतपणांत लोहाच्या गोळ्या झाल्या, आकडा हलला नाही. ‘कमजोर काठी’ असं आमचं नाव पडलेलं. रिपोर्टमध्ये मात्र एक मजा होती. लाल पेशींची संख्या भरपूर, ५७ लाख. पण पेशी एकेक इतकी बारीक की तिचा आकार ६४, जो ८० च्या पुढं हवा. लोह कमी असतं तेव्हा पेशी बारीकही होतात आणि संख्येनंही घटतात. पेशी बारीक पण मोप, हा थॅलेसेमियाच्या वाहकाचा ठसा. पेशीच्या आकाराला दशलक्षातल्या संख्येनं भागायचं, उत्तर १३ च्या खाली आलं तर संशय घ्यायचा. आमचं ११ आलं. गणितही आम्हीच शिकवतो. पुढं पक्की चाचणी झाली, हिमोग्लोबिन ए-टू वाढलेलं. आम्ही मायनर. म्हणजे आजारी नाही, पण चिठ्ठी आमच्याही खिशात आहे.

आमचे मियाँ परळीकडचे, नात्यातले नाहीत, त्यांचं रक्त साफ निघालं. त्यामुळं आमच्या लेकरांना मेजर होण्याची भीती नव्हती. तरीही सासरी हे आम्ही दोन वर्षं सांगितलं नाही. मियाँना सांगितलं, सासूबाईंना नाही. ‘ऐब’ हा शब्द ऐकायची हिंमत झाली नाही. वर्गात जे शिकवतो ते घरात बोलता येत नव्हतं, एवढंच लिहून ठेवतो.

२०२१ मध्ये बहिणीला पुन्हा दिवस गेले. आई-बाप दोघं मायनर असले तर प्रत्येक खेपेला चार शक्यता : एक मेजर, दोन मायनर, एक साफ. ‘एक झालं, आता तीन चांगले होतील’ असं फुफू म्हणत होत्या. तसं नसतं, प्रत्येक खेपेला फासे नव्यानं पडतात. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा काढून तपासता येतं. त्यासाठी मुंबई. बहिणीनं आदल्या रात्री विचारलं, “बाजी, मेजर निकला तो?” आम्ही तिला आकडे सांगत राहिलो. तिनं आकडे विचारले नव्हते.

गावातल्या मौलानांकडं तिचे मियाँ स्वतः गेले. आम्हाला वाटलं होतं ते धुडकावून लावतील. त्यांनी किताब काढली, दोन दिवस मागितले आणि मग सांगितलं की मक्केतल्या फिकह अकादमीनं १९९० मध्ये यावर राय दिलेली आहे : जाणकार डॉक्टरांची खात्री असेल, आजार गंभीर असेल आणि आई-बापाची इच्छा असेल, तर १२० दिवसांच्या आत गुंजाइश आहे. शेवटी म्हणाले, “फैसला तुम्हारा, दुआ मेरी.” रिपोर्ट यायला दिवस लागले. मायनर निघाली. पोरगी आता मुन्नाच्या दप्तरातून पेन्सिली चोरते.

हे इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी आमच्या धाकट्या भावाचा रिश्ता चाचांच्या मुलीशी ठरायला आला. दोघांची पसंती होती, लहानपणापासूनची. आम्ही म्हणालो, आधी भावाचं रक्त बघू, तो साफ असेल तर मुलीला सुई टोचायचीही गरज नाही. सोलापूरच्या लॅबमध्ये त्या तंत्रज्ञानं आम्हाला पहिली स्वस्त चाचणी करून दाखवली. परीक्षानळीत एक ठराविक फिक्कट मिठाचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब. नळीमागं पांढऱ्या कागदावर काळी रेघ. साध्या माणसाच्या पेशी त्या पाण्यात फुगून फुटतात, पाणी नितळ होतं, रेघ दिसते. वाहकाच्या पेशी चिवट, त्या फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं. लोह कमी असलं तरी कधी कधी असं होतं, म्हणून पुढची पक्की चाचणी करावीच लागते. भावाची नळी आम्ही दिव्यासमोर धरली. रेघ दिसली नाही. पक्की चाचणीही तेच म्हणाली.

आता हिशेब कठीण होता. वाहकाच्या सख्ख्या चुलत, मामे, आते किंवा मावस भावंडात तीच चिठ्ठी असण्याची शक्यता साधारण आठात एक. बाहेरच्या माणसात देशाचा अंदाज शंभरात तीन-चार. पण आमच्या घरात ती अब्बांच्या बाजूनं आलेली, फुफूंच्या घरातल्या मुलावरून ते कळलंच होतं. म्हणून चाचांच्या मुलीत ती असण्याची शक्यता चारात एक. आम्ही चाचींना हे सांगायला गेलो. चहा पुढं आला होता, तो तसाच राहिला. “लडकी में ऐब ढूंढने आए क्या? हमारे यहां सात पुश्तों से आपस में ही शादियां हुईं, किसीकू कुछ नै हुआ.” सात पिढ्यांत किती लेकरं सूख के मरी, दात निघताना गेली, नजरेनं गेली, हे आमच्या ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

चाचांनी मात्र आम्हाला चकित केलं. ते बारा वर्षं जेद्दाला गाडी चालवायचे. म्हणाले, “उधर तो निकाह से पहले खून की जांच लाजिम है. कागज नै तो निकाह नै.” खरं होतं. सौदी अरबमध्ये २००४ पासून सिकलसेल आणि थॅलेसेमियाची जांच निकाहआधी सक्तीची आहे. रिपोर्ट काहीही आला तरी लग्न करायचं की नाही ते त्या दोघांवर, पण माहीत करून घ्यायलाच हवं. इराणमध्ये हेच १९९७ पासून. आमच्या बी.एड.नं जे झालं नाही ते जेद्दानं केलं. दुसऱ्या दिवशी चाचा मुलीला घेऊन सोलापूरला गेले.

ती मायनर निघाली.

रिश्ता मोडला. भाऊ आणि ती, दोघांनीच ठरवलं. मुन्नाला दोघांनी कडेवर खेळवलेलं होतं, त्यांना समजावायला काही उरलं नव्हतं. भाऊ महिनाभर आमच्याशी बोलला नाही, आता बोलतो. ती मुलगीही बोलते. चाची बोलत नाहीत. त्यांच्या मते आम्ही शिकलेल्या बायकांनी एका पोरीला बट्टा लावला. हा लेख त्यांनी वाचू नये असं वाटतं, आणि वाचावा असंही वाटतं.

तर, एकतीस पेपर. नववीच्या पुस्तकात सिकलसेलचा भाग आहे, वाहक आणि वाहक यांच्या मुलांचा तक्ता आहे. तोच हिशेब, फक्त साखळीतला दोष निराळा. तो तक्ता त्याच चाचणीत पाचव्या प्रश्नात होता आणि सव्वीस जणांनी बिनचूक काढला होता. पाचवा प्रश्न आणि सातवा प्रश्न यांच्यामध्ये मुलांनी भिंत बांधली होती. ती भिंत त्यांना आम्हीच विटा पुरवून बांधायला लावली, दुसरं कोण? आम्ही त्या प्रश्नाचे गुण कुणालाच दिले नाहीत, कापलेही नाहीत. दोन तासिका घेतल्या. फळ्यावर कुंभाराचा आवा काढला. शरीरात लोह आत यायचा दरवाजा काढला, बाहेर जायचा काढलाच नाही, आणि विचारलं, आता काय होईल? मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो कधी बोलत नाही, म्हणाला, “आपा, गोदाम भर जाएगा. फिर दिल में रखेंगे.” आम्ही खडू खाली ठेवला.

एक गोष्ट मात्र मुलांना ठासून सांगावी लागली. आम्ही शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी वाटतो. दोन मुलींनी त्या आठवड्यात गोळी घ्यायला नकार दिला, थॅलेसेमिया होईल म्हणून. अर्धं कळलं की असं होतं. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायका रक्तक्षयाच्या आहेत, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत हे निघालं, आणि त्यात लोह कमी पडणं हे मोठं कारण. त्यांना गोळी हवीच. वाहकालाही लोह कमी पडलं तर डॉक्टर गोळी देतात. नको ती मेजरच्या मुलांना. आणि गोळ्या खाऊनही आकडा हलत नसेल, तर पुढची चाचणी करायची, नुसता खजूर वाढवायचा नाही.

पंधरा दिवसांनी तोच सातवा प्रश्न पुन्हा घातला. एकोणीस जणांनी ‘गलत’ लिहिलं. खजुराची यादी जोडणाऱ्या त्या हुशार मुलीनं यावेळी यादी दिली नाही. एकच ओळ होती : ‘गलत. पहले पूछो कौन सी कमी है.’

त्या आठवड्यात गोळी घ्यायला ती रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली. गोळी हातात घेतली, तोंडात टाकली नाही. म्हणाली, “आपा, मेरे अम्मी-अब्बू खालाजाद हैं. मैं तीन साल से गोली खा रही. मेरी कौन सी कमी है?”

तिची पापणी खाली ओढून बघायला आमचा हात आपसूक पुढं झाला होता. तो मागं घेतला. तिला ती गोळी घ्यायला सांगितली, वहीत तिचं नाव लिहून घेतलं. संध्याकाळी तिच्या घरी गेलो, तिचे अब्बा पंक्चरच्या दुकानात होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, हात पुसत पुसत. मुन्नाचा एकविसावा दिवस येत्या मंगळवारी येतोय. टेम्पोत मागं दोन माणसांची जागा आहे, एवढंच त्यांनी विचारून घेतलं.